डोळे मिटणारी गाडी

मुलांनो, आज कोड्यानं सुरुवात करू या. ओळखा पाहू, मी कोण?

माझ्यात दोनच माणसं बसतात. तिसरं कुणी आलं तर त्यानं घरी थांबायचं! माझी डिकी एवढीशी, की दोन पिशव्या ठेवल्या की भरलीच. डोक्यावर पत्र्याचं छप्पर नाही, कापडाचं आहे. ऊन खायचं असेल तेव्हा मागे लोटायचं, पाऊस आला की ओढून घ्यायचं. दिवे लावले की माझे डोळे बॉनेटमधून टुणकन वर येतात आणि बंद केले की पापण्या मिटाव्यात तसे आत जातात. माझं वय तिशीच्या पुढचं. तरी रविवार आला की कुणी ना कुणी मला शर्यतीला नेतंच.

हरलात? हरकत नाही. आपल्या रस्त्यांवर ही सहसा दिसतच नाही. जपानच्या माझदा कंपनीची ही एमएक्स-५. अमेरिकेत तिला 'मियाता' म्हणतात, जपानमध्ये 'रोडस्टर'. फेब्रुवारी १९८९मध्ये अमेरिकेतल्या शिकागो शहरात मोटारींचं प्रदर्शन भरलं होतं, तिथं ती पहिल्यांदा लोकांपुढं आली. आईबाबांना किंवा आजोबांना विचारा, त्या वर्षी आपल्याकडं रस्त्यावर काय होतं? अँबॅसिडर, फियाट आणि सगळ्यांची लाडकी मारुती ८००. या मारुतीच्या दुप्पट मापाचं, म्हणजे सोळाशे सीसीचं इंजिन मियातात होतं. वजन साडेनऊशे किलोच्या आसपास. दोन धष्टपुष्ट म्हशींएवढं म्हणा ना!

तेव्हा ते इंजिन चांगलं जोरकस वाटायचं. आज? आज तुमच्या शेजारच्या काकांच्या गाडीतही तेवढी ताकद असेल, कदाचित जास्तच. मग प्रश्न असा, की साध्या घरगुती गाडीएवढ्या ताकदीची ही जुनी गाडी घेऊन मोठमोठी माणसं शर्यतीला का जातात? कुणी दातांचे डॉक्टर असतात, कुणी सुतार, कुणी आजीआजोबा झालेले. बक्षीस म्हणाल तर एखादी ढाल नाहीतर चषक. पैसे मिळणं दूरच, उलट खिशातले जातात. तरीही जातात. का, ते आज बघू या.

आधी जन्माची थोडी हकिकत. १९५०-६०च्या दशकांत इंग्लंडमध्ये एमजी, ट्रायम्फ, लोटस अशा कंपन्या छोट्या, उघड्या, दोन माणसांच्या गाड्या बनवायच्या. चालवायला मोठी मजा, पण सांभाळायला महाकठीण! रात्री उभी केली की सकाळी खाली तेलाचं थारोळं. हळूहळू त्या बंद पडत गेल्या. एमजीचा ॲबिंग्डनचा कारखानाही १९८० साली बंद झाला. त्याच सुमारास, १९७९ साली, बॉब हॉल नावाचा एक अमेरिकन पत्रकार माझदाच्या केनिची यामामोतो या मोठ्या इंजिनिअरशी बोलत होता. हॉलला जपानी येत होतं. यामामोतोंनी विचारलं, आम्ही पुढं कोणती गाडी बनवावी? हॉलनं सांगून टाकलं, की तसल्या साध्या, हलक्या, उघड्या गाड्या आता कुणी करत नाही, तुम्ही करा. पुढं हा पत्रकार माझदातच कामाला लागला आणि दहा वर्षांनी त्याच्या मनातली गाडी शिकागोला उभी राहिली. कारखान्यात तिचे प्रमुख होते तोशिहिको हिराई.

हिराईंनी आपल्या माणसांना एक मंत्र दिला होता, 'जिन्बा इत्ताई'. जिन म्हणजे माणूस, बा म्हणजे घोडा, इत्ताई म्हणजे एक शरीर. जपानमध्ये धावत्या घोड्यावरून बाण मारण्याची जुनी विद्या आहे. बाण सोडायला दोन्ही हात लागतात, म्हणजे लगाम सोडावा लागतो. त्या क्षणी घोड्याला स्वाराच्या मनातलं कळलं पाहिजे आणि स्वाराला घोड्याच्या. गाडी तशी हवी, असं हिराईंचं म्हणणं.

बोलायला सोपं हो! करायचं कसं? तर वजनाचा हिशेब ठेवून. बॅटरी सहसा पुढं इंजिनाजवळ असते, ती यांनी मागं डिकीत नेली. बॉनेट ॲल्युमिनिअमचं केलं. इंजिन पुढच्या चाकांच्या जरा मागं बसवलं. असं करत करत पुढच्या चाकांवर निम्मं आणि मागच्या चाकांवर निम्मं वजन आणलं.

याचा काय उपयोग, हे कळायला एसटीत उभं राहून प्रवास केलेला पुरे. ड्रायव्हरनं ब्रेक मारला की आपण सगळे पुढं कोसळतो. डावीकडं वळण घेतलं की उजवीकडच्या माणसाच्या अंगावर जातो. गाडीचंही तसंच होतं बरं का! ब्रेक दाबला की तिचा भार पुढच्या टायरवर येतो, मागचे हलके होतात. वेग वाढवला की भार मागं जातो. ज्या टायरवर भार जास्त, तो रस्त्याला जास्त घट्ट धरतो. चांगला चालवणारा हा भार पायांनी आणि हातांनी हवा तिथं नेतो. वळणाआधी ब्रेक मारून भार पुढं आणायचा म्हणजे पुढची चाकं वळायला राजी होतात. वळून झालं की हलकेच वेग द्यायचा. नव्या महागड्या गाड्यांत यातलं बरंचसं काम कॉम्प्युटर गुपचूप उरकतो. पहिल्या मियातात वळणं सावरणारा असा कॉम्प्युटर नाही. चूक झाली तर लगेच कळते, आणि जमलं तर तेही लगेच कळतं. मालकांच्या वेडाचं मूळ मला तरी इथंच दिसतं. ते म्हणतात, दांडग्या गाडीची निम्मी ताकद वापरण्यापेक्षा बेताच्या गाडीची सगळी वापरण्यात मजा आहे.

आता शर्यतींकडं वळू. यांची सगळ्यात सोपी शर्यत म्हणजे ऑटोक्रॉस. यासाठी मोठा ट्रॅक लागत नाही, रिकामं पार्किंग किंवा वापरात नसलेली धावपट्टी चालते. तिच्यावर नारिंगी शंकू मांडून वेडीवाकडी वाट आखतात. रस्त्याचं काम चालू असलं की ठेवतात ना, तसले शंकू. एका वेळी एकच गाडी सुटते आणि घड्याळ लागतं. फेरी असते जेमतेम मिनिटभराची. वेग? आपल्या हायवेवर गाड्या जातात त्यापेक्षा फारसा जास्त नाही. पण वळणं अशी एकामागोमाग एक येतात, की श्वास घ्यायला सवड नाही. शंकूला धक्का लागला की अमेरिकेच्या एससीसीए या संस्थेच्या नियमानं वेळेत दोन सेकंद वाढतात. वाट चुकली तर ती फेरीच गेली. या संस्थेची देशभरातली मोठी स्पर्धा २००९पासून नेब्रास्का राज्यातल्या लिंकन गावी भरू लागली. एका वर्षात हजाराहून जास्त स्पर्धक तिथं आलेले आहेत.

मला यातल्या दोन गोष्टी फार आवडतात. एक, शर्यतीआधी सगळे स्पर्धक ती वाट पायी चालून पाहतात. एकदा नाही, दोनदा-तीनदा. कुठं ब्रेक, कुठं वळायचं, हे पुटपुटत चाललेली मोठी माणसं! तोंडी परीक्षेआधी आमच्या व्हरांड्यात पोरं फिरतात ना, अगदी तशी. दुसरी, प्रत्येकाला काम करावंच लागतं. तुमची पाळी नसते तेव्हा उन्हात उभं राहून इतरांनी पाडलेले शंकू पळत जाऊन पुन्हा जागेवर ठेवायचे. पहिला नंबर येणाऱ्यालाही यातून सूट नाही.

वळण कसं घ्यायचं याचं एक साधं गणित आहे. वळण जितकं मोठ्या वर्तुळाचं, तितक्या जास्त वेगानं ते घेता येतं. म्हणून चालवणारे बाहेरच्या कडेनं येतात, मध्यावर आतल्या कडेला शिवतात आणि पुन्हा बाहेर निघतात. रस्ता तोच, पण गाडीची वाट जास्त सरळ होते. समजा, वीस मीटर त्रिज्येचं वळण एखादी गाडी ताशी ४० किलोमीटरनं न घसरता घेते. वाट अशी बदलून त्रिज्या तीस मीटर झाली, तर तेच टायर तीच गाडी ताशी ४९पर्यंत धरून ठेवतील. वरच्या वर्गातल्यांनी वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या हे सूत्र वापरून पडताळा घ्यावा. त्याच सूत्रातून हेही निघेल, की वळण तेच ठेवून वेग दुप्पट केला तर टायरची पकड चौपट लागते. दुप्पट नाही, चौपट!

ऑटोक्रॉस झालं की पुढची पायरी, खऱ्या ट्रॅकवर सगळ्यांनी एकदम धावण्याची. अमेरिकेत 'स्पेक मियाता' नावाचा शर्यतींचा एक प्रकारच आहे. यात फक्त मियाता, आणि त्यासुद्धा जुन्या, पहिल्या दोन पिढ्यांच्या. सगळ्यांना एकाच जातीचे टायर, एकच ठरलेलं सस्पेन्शन. इंजिनात आपल्या मनानं फेरफार करायचे नाहीत. एखाद्या सालचं इंजिन जरा जोरकस असलं, तर त्या गाडीवर जास्त वजन लादतात किंवा इंजिनात जाणाऱ्या हवेची वाट अरुंद करतात. गाडीचं वजन चालकासकट मोजतात, म्हणजे सडपातळ माणसालाही फायदा नको! थोडक्यात, सगळ्यांना एकच प्रश्नपत्रिका. मग तीस-चाळीस गाड्या एकमेकींना चिकटून पळतात आणि पहिल्या-दुसऱ्यात कधी कधी डोळ्याचं पातं लवण्याइतकं अंतर राहतं.

कॅलिफोर्नियात माँटेरीजवळ लगूना सेका नावाचा ट्रॅक आहे, १९५७ साली सुरू झालेला. तिथं कॉर्कस्क्रू, म्हणजे बाटलीचं बूच काढायचा पिळदार स्क्रू, या नावाचं एक वळण आहे. चढ चढून वर आलं की पुढचा रस्ता दिसतच नाही! एकदम डावीकडं, लगेच उजवीकडं, आणि एवढ्यात रस्ता साधारण अठरा मीटर खाली उतरतो. पाच-साडेपाच मजल्यांची इमारत उतरल्यासारखं. चालवणाऱ्याला रस्ता न बघता आठवणीनं गाडी वळवावी लागते. पलीकडचं झाड कुठं येतं, कठड्यावरचा रंग कुठं संपतो, अशा खुणांवर.

आता थोडं पालकांसाठी, पण मुलांनीही वाचायचं. ट्रॅकवर उतरण्याआधी गाडीची तपासणी होते. चाकांचे नट, ब्रेक, बॅटरीचा पट्टा, सगळं हलवून बघतात. गाडीत एकही सुटी वस्तू चालत नाही, पाण्याची बाटलीसुद्धा नाही. धक्का बसला तर तीच डोक्यात बसेल. स्पेक मियाताच्या गाडीत लोखंडी नळ्यांचा पिंजरा जोडलेला असतो, अंगात आग सहन करणारे कपडे, डोक्यावर हेल्मेट. वळणावळणावर झेंडे घेतलेली माणसं उभी असतात, बहुतेक स्वयंसेवक. पिवळा झेंडा म्हणजे पुढं धोका आहे, कुणाला मागं टाकू नका. लाल म्हणजे शर्यत थांबली. ॲम्ब्युलन्स तयार. आणि एवढं करूनही अपघात होतात. घाटात मोटरसायकलवरून 'रेस' लावणाऱ्या दादांकडं यातलं काय असतं? समोरून येणाऱ्यानं तर शर्यतीत नावही दिलेलं नसतं. सातवीतली मुलं भावाच्या गाडीचा वेग अभिमानानं सांगतात तेव्हा मी त्यांना विचारते, पिवळा झेंडा घेऊन कोण उभं होतं? मग वर्ग गप्प होतो.

मालकांमध्ये एक भांडणही चालतं. पहिल्या पिढीच्या, डोळे मिटणाऱ्या गाड्या १९९७पर्यंत निघाल्या. चार लाखांहून जास्त. (नव्या पिढीच्या आजही निघतात, पण १९९८च्या दुसऱ्या पिढीपासून दिवे नेहमीसारखे झाले.) या चार लाखांतल्या कितीतरी गंजल्या, कितीतरी ठोकल्या. पावसाचं पाणी वाहून जाण्यासाठी छपराच्या कडेला बारीक नळ्या आहेत. त्यात पालापाचोळा अडकला की पाणी दाराखालच्या पत्र्यात साठतं आणि आतून गंज धरतो. बाहेरून पाहणाऱ्याला पत्ताच नाही! मागची प्लॅस्टिकची खिडकी थंडीत चेन न उघडता दुमडली की तडकते. तर काही मालक म्हणतात, उरल्यात त्या जपा. शर्यतीच्या पिंजऱ्यासाठी एका चांगल्या गाडीच्या गाद्या, गालिचा, छप्पर काढून फेकता, तिला जन्माची रस्त्यावरून उठवता, हे पाप आहे. बरं, एकेकाळी स्वस्तात मिळणारी ही गाडी आता महागही झाली आहे.

शर्यतवाले म्हणतात, उभी गाडी पळणाऱ्या गाडीपेक्षा लवकर मरते. तेही खोटं नाही. वापर नसला की बॅटरी उतरते, पेट्रोल शिळं होतं, ब्रेकच्या चकत्या गंजतात, टायर एकाच जागी दबून चपटे होतात. शिवाय शर्यतीत भाग मोडतात म्हणून भागांना मागणी राहते, आणि मागणी आहे म्हणून ते बनत राहतात. घरात जपून ठेवलेल्या गाडीला लागणारा रबराचा तुकडा बाजारात मिळतो, त्यात या मोडतोड करणाऱ्यांचाही वाटा आहे. माझं मत विचाराल तर मी शर्यतवाल्यांच्या बाजूची. पण धडधाकट गाडी कापायची नाही. आधीच गंजलेली किंवा ठोकलेली घ्यावी आणि तिला पिंजरा बसवावा. बरेच जण करतातही तसं.

या वेडाची दखल खुद्द कंपनीलाही घ्यावी लागली. जपानमध्ये करुइझावा या थंड हवेच्या गावी दरवर्षी मे महिन्यात या गाड्यांचा मेळावा भरतो, हजारभर गाड्या ओळीनं उभ्या राहतात. २०१७ साली माझदानं जाहीर केलं, की पहिल्या पिढीच्या गाड्या मालकांनी जपानमधल्या आमच्या कारखान्याकडं आणाव्यात, आम्ही त्या पुन्हा नव्यासारख्या करून देऊ. त्यासाठी बंद झालेले भाग पुन्हा बनवायला घेतले. कापडी छप्पर, लाकडी स्टिअरिंग, अगदी त्या काळच्या नक्षीचे टायरसुद्धा! दुरुस्तीचा खर्च मात्र अनेकांना नव्या गाडीएवढा वाटला. हौसेला मोल नाही म्हणतात, पण बिल असतंच. एप्रिल २०१६मध्ये दहा लाखावी एमएक्स-५ हिरोशिमाच्या कारखान्यातून बाहेर पडली होती. दोन माणसांच्या उघड्या गाडीचा हा विक्रीचा विक्रम आहे.

आता तुमची शर्यत. गाडी नको, लायसन नको. अंगणात किंवा मैदानावर दहा-बारा चपला वेड्यावाकड्या मांडा, हे आपले शंकू. स्टीलचा पेला पाण्यानं काठोकाठ भरा. (काचेचा नको, आई रागावेल ती तुमच्यावर आणि माझ्यावरही.) पेला हातात धरून चपलांमधून नागमोडी जायचं आणि परत यायचं. ताईच्या मोबाइलमध्ये घड्याळ लावा. चपलेला पाय लागला की दोन सेकंद वाढवा. शेवटी पेल्यात किती पाणी उरलं ते पट्टीनं मोजा, एक सेंटिमीटर कमी झालं की आणखी दोन सेकंद. आधी प्रत्येकानं पेल्याशिवाय वाट चालून बघायची. एकदा चपलांना चिकटून जा, एकदा बाहेरून आत आणि आतून बाहेर अशा मोठ्या वळणांनी जा, आणि दोन्ही वेळा लिहून ठेवा. ज्यांची पाळी नाही त्यांनी चपला सरळ करायच्या, मग तो कितीही मोठा दादा असो. तुमचे आकडे मला पत्रानं कळवा. आणि हो, चपला ज्याच्या त्याला परत द्या.